नाय म्हणजे नाय!

सगळ्यात आधी नावाचा घोळ मिटवून टाकू. तिचं नाव एलिझाबेट. शेवटी ‘थ’ नाही. बारशाला होता, पण तिने तो स्वतःच उडवला. आडनावाचं स्पेलिंग एन-ई-वाय. अमेरिकेत टेक्सासचे लोक त्याचा उच्चार ‘ने’ करतात, पण ती जन्मली त्या जर्मनीत म्हणतात ‘नाय’. एलिझाबेट नाय. मराठी माणसाला खरं तर यापुढे तिची वेगळी ओळख करून द्यायला लागू नये.

लग्नानंतर आडनाव बदलणार का? नाय. बरं, निदान लग्न झालंय हे तरी चारचौघांत सांगणार का? नाय. केस वाढवणार? घोड्यावर बायकांसारखी एका बाजूला पाय सोडून बसणार? नाय आणि नाय. आणि हे सगळं कधी, तर १९व्या शतकात, जेव्हा युरोपातल्या मुलीसुद्धा विणकाम आणि पियानो करत स्थळाची वाट बघत बसायच्या.

ही बाई शिल्पकार होती. नुसती हौस म्हणून नाही, तर प्रोफेशनल. तत्त्वज्ञ शोपेनहावर, ‘पोलादी’ बिस्मार्क, इटलीचा गॅरिबाल्डी, बव्हेरियाचा ‘वेडा’ राजा लुडविग अशी एकाहून एक मोठी माणसं तिच्यासमोर बसून राहिली. आणि मग चाळिशीच्या आत, करिअर ऐन भरात असताना तिने गाशा गुंडाळला आणि ती थेट टेक्सासमध्ये कापूस पिकवायला गेली. जवळपास वीस वर्षं! परत छिन्नी उचलली तेव्हा ती साठीला टेकली होती.

आपल्याकडे सहा महिन्यांच्या मॅटर्निटी लीव्हवरून परत आलेल्या माझ्या एका मैत्रिणीचं डेस्क प्रिंटरच्या शेजारी सरकवलं होतं. तिच्या जुन्या प्रोजेक्टवर दुसराच कोणी बसला होता आणि तोच तिला प्रेमाने विचारत होता, ‘रिलॅक्स झालीस ना?’ त्यामुळे वीस वर्षांचा ब्रेक म्हटल्यावर माझे कान टवकारले.

सुरुवातीपासून सांगते. एलिझाबेटचा जन्म २६ जानेवारी १८३३चा. गाव म्युन्स्टर, म्हणजे वेस्टफेलियातलं कट्टर कॅथलिक शहर. वडील दगड घडवणारे कारागीर. चर्चमधले संत, थडग्यांवरचे देवदूत असली कामं करायचे. पोरगी त्यांच्या वर्कशॉपमध्ये धूळ खात वाढली. आई तिला एक गोष्ट सांगायची. स्ट्रासबुर्गच्या कॅथेड्रलवर काम करणाऱ्या सबिना नावाच्या शिल्पकार मुलीची. ही सबिना खरी की दंतकथा यावर इतिहासकारांचे वाद आहेत, पण आईने गोष्ट सांगायची ती सांगितली आणि मुलीने ती सीरियसली घेतली. आयांनी कुठल्या गोष्टी सांगाव्यात याचा जरा विचार करायला हवा, नाही का?

मोठी झाल्यावर ती म्हणाली, मला बर्लिनला जाऊन राउखकडे शिकायचंय. क्रिस्टियान डॅनियल राउख हे तेव्हाचं जर्मन शिल्पकलेतलं सगळ्यात मोठं नाव. बर्लिनमधला फ्रेडरिक द ग्रेटचा अश्वारूढ पुतळा त्याचाच. घरच्यांनी कानावर हात ठेवले. एकटी मुलगी, त्यात बर्लिन, त्यात ते प्रॉटेस्टंट शहर! यावर एलिझाबेटने काय केलं? जेवण सोडलं. चक्क उपोषण, आणि तेही एक-दोन दिवसांचं नाही, काही आठवडे. शेवटी गावच्या बिशपला मध्यस्थी करावी लागली. तडजोड अशी निघाली की, बर्लिन नको, म्युनिकला जा. निदान ते कॅथलिक तरी आहे.

१८५२ मध्ये ती म्युनिकच्या कला अकादमीत दाखल झाली. शिल्पकलेच्या वर्गात प्रवेश मिळालेली ती पहिली मुलगी. प्राध्यापकांना काळजी होती ती तिला जमेल की नाही याची नव्हे, तर वर्गातल्या मुलांचं लक्ष उडेल याची. (हे वाक्य कुठे तरी ऐकल्यासारखं वाटतंय? मलाही.) मुलांचं लक्ष काही उडालं नाही, तिने दोन वर्षांत कोर्स संपवला. तिच्यानंतर दार सगळ्यांसाठी उघडलं असेल असं वाटतं ना? छे! म्युनिकच्या अकादमीने मुलींना रीतसर प्रवेश द्यायला १९२० साल उजाडलं.

मग ती बर्लिनला गेलीच. राउखकडे शिकली आणि १८५७ मध्ये म्हातारा गेल्यावर स्वतःचा स्टुडिओ काढला. चोविसाव्या वर्षी! चोविसाव्या वर्षी मी मास कॉमची डिग्री हातात घेऊन पहिल्या चेकची वाट बघत होते.

इथे जरा थांबून हे काम चालतं कसं ते सांगायला हवं. नाही तर आपल्या डोळ्यांसमोर एकच चित्र येतं, हातात हातोडा, समोर संगमरवराचा ठोकळा, आणि दगडातून हळूहळू बाहेर येणारा माणूस. प्रत्यक्षात तसं क्वचितच असतं. आधी लोखंडी सांगाडा. त्यावर ओली माती. सगळी कला, सगळी झटापट या मातीत. समोर माणूस बसलाय, तो कंटाळतोय, जांभया देतोय, आणि तुम्हाला त्याच्या भुवईतला ताण पकडायचाय. माती वाळली की तडकते, म्हणून ओल्या फडक्यांनी झाकून ठेवायची. मग त्या मातीवर प्लास्टरचा साचा. साच्यातून प्लास्टरची प्रत. आणि गिऱ्हाइकाने पैसे मोजले, तर आणि तरच, त्या प्लास्टरवरून संगमरवर. त्यासाठी एक मोजमापाचं यंत्र असतं, प्लास्टरवरचा प्रत्येक बिंदू किती खोल आहे हे मोजून तेवढंच छिद्र दगडात पाडायचं. हे काम बहुतेक वेळा इटलीतले कारागीर करत आणि शेवटचा हात शिल्पकार फिरवे.

म्हणजे प्लास्टर हा तुमचा पोर्टफोलिओ. संगमरवर गिऱ्हाइकाच्या घरी जातो, प्लास्टर तुमच्याकडे राहतं. ही गोष्ट लक्षात ठेवा, पुढे कामाला येणार आहे.

आता पोर्टफोलिओत नावं हवीत. एलिझाबेटचं म्हणणं साधं होतं, मला जगातल्या मोठ्या माणसांना भेटायचंय, आणि शिल्पकला हा त्यासाठीचा रस्ता आहे. स्पष्टवक्तेपणा बघा! आपण याला नेटवर्किंग म्हणतो आणि वर लाजतो.

१८५९च्या शरद ऋतूत ती फ्रँकफुर्टला आर्थर शोपेनहावरच्या दारात उभी राहिली. तो ७१ वर्षांचा, ती २६ची. शोपेनहावर म्हणजे निराशावादाचा बादशहा. उपनिषदांच्या लॅटिन भाषांतराची पारायणं करणारा, म्हणून आपल्याकडेही त्याचं नाव लोकांना माहीत असतं. पण याच गृहस्थाने १८५१ मध्ये बायकांवर एक निबंध लिहिला होता, आणि तो वाचून आजही कोणाच्याही तळपायाची आग मस्तकात जाईल. त्याचा सारांश म्हणजे बायकांना कलेतलं ओ की ठो कळत नाही, संगीत नाही, काव्य नाही, शिल्प नाही, आणि कळतंय असं दाखवतात ते फक्त पुरुषांना खूश करायला.

आणि आता त्याच्या घरात एक बाई रोज येते, मातीने हात बरबटवते आणि त्याच्याच डोक्याचं शिल्प करते.

पुढे काय झालं ते शोपेनहावरच्याच पत्रांतून आणि मित्रांनी लिहून ठेवलेल्या आठवणींतून कळतं. म्हातारा विरघळला. मित्राला कौतुकाने सांगायला लागला की, ती दिवसभर माझ्याकडे काम करते, मी बाहेर जेवून आलो की आम्ही सोफ्यावर शेजारी बसून कॉफी पितो, आणि मला अगदी लग्न झाल्यासारखं वाटतं. जन्मभर अविवाहित राहिलेला माणूस! पत्रात त्याने तिचं वय दोन वर्षांनी कमी करून लिहिलंय आणि ती किती लाघवी आहे यावर मजकूर खर्ची घातलाय. बस्ट झकास झाला. पुढच्याच वर्षी, सप्टेंबर १८६०मध्ये, तो गेला.

ही गोष्ट सांगताना सगळे लेखक हसून पुढे जातात: बघा, कसा पाघळला! मला मात्र दुसरंच खटकतं. त्याने निबंध मागे घेतला नाही. म्हणजे समोर बसून काम करणारी बाई ‘अपवाद’ ठरली, बाकीच्यांचा हिशेब होता तसाच राहिला. ‘तू ना, इतर मुलींसारखी नाहीस,’ हे कॉम्प्लिमेंट म्हणून ज्यांना ऐकावं लागलंय त्यांना मी काय म्हणतेय ते कळेल.

एलिझाबेटचं स्वतःचं प्रेमप्रकरण या सगळ्याच्या आधीच सुरू झालं होतं. १८५३ मध्ये हायडलबर्गला तिला एडमंड मॉन्टगोमेरी भेटला. स्कॉटिश, मेडिकलचा विद्यार्थी, देखणा, फिलॉसॉफीचं वेड असलेला. दोघांची विचारांची तार जुळली. पण लग्न? एलिझाबेटच्या मते ती बायकांना बांधून ठेवणारी संस्था. म्हणजे एडमंड चालेल, लग्न नाय!

पुढे एडमंड डॉक्टर झाला आणि त्याला क्षय झाला. त्या काळात क्षयाला औषध नव्हतं, हवापालट हाच उपाय. म्हणून तो मदेराला गेला, अटलांटिकमधलं ते पोर्तुगीज बेट. तिकडे त्याची डॉक्टरकी चालायला लागली. ती त्याच्यामागे गेली आणि ७ नोव्हेंबर १८६३ला तिथल्या ब्रिटिश कॉन्सुलेटमध्ये दोघांनी गपचूप लग्न उरकलं. दहा वर्षांच्या कोर्टशिपनंतर! मग लगेच अट: हे कोणाला सांगायचं नाही. आयुष्यभर ती ‘मिस नाय’च राहिली. तो तिचा ‘बेस्ट फ्रेंड’.

आता गंमत अशी की, नॉर्मल माणसं लग्न न करता एकत्र राहतात आणि शेजाऱ्यांना सांगतात लग्न झालंय. इथे उलटं. लग्नाचा कागद पेटीत, आणि शेजारी समजतायत लिव्ह-इन. तोंडावर आलेली बदनामी ती एका कागदाने थांबवू शकत होती. थांबवली नाही. मला यातला हट्ट आवडतो, पण त्या हट्टाची किंमत दोघांत सारखी वाटली गेली नव्हती, हेही दिसतं. डॉक्टरसाहेब पाहुण्यांसमोर निमूट ‘मिस नाय’ म्हणत राहिले.

मधली वर्षं भराभर सांगते, कारण ती यशाची आहेत आणि यश सगळ्यांचं सारखंच असतं. १८६५ मध्ये कप्रेरा बेटावर जाऊन गॅरिबाल्डी. १८६७ मध्ये प्रशियाच्या राजासाठी बिस्मार्क. म्युनिकमध्ये रसायनशास्त्रज्ञ लीबिग आणि व्होलर. आणि मग बव्हेरियाचा राजा दुसरा लुडविग. हा तोच, ज्याचा नॉयश्वानस्टाइनचा किल्ला बघून डिस्नीवाल्यांना परीकथेतला महाल सुचला. माणसांना टाळणारा, कोणासमोर न बसणारा हा तरुण राजा तिच्यासमोर उभा राहिला, पूर्णाकृती पुतळ्यासाठी. राजाश्रय, म्युनिकमध्ये घर, चाळिशीला अजून तीन वर्षं बाकी. याहून जास्त काय हवं असतं?

आणि १८७०च्या अखेरीस ती सगळं टाकून निघाली.

का? चरित्रकारांनी कारणांची यादीच दिली आहे. फ्रान्स-प्रशिया युद्ध पेटलं होतं. एडमंडच्या फुप्फुसांना उबदार हवा हवी होती. म्युनिकमध्ये कुजबुज वाढली होती. आणि एक कारण सगळ्यात साधं: तिला दिवस गेले होते. ‘मिस’ नायला. सगळं थोडंथोडं खरं असावं. आपणही जॉब सोडतो तेव्हा एचआरला एक कारण सांगतो, आईला दुसरं, आणि खरं तिसरंच असतं.

१८७१च्या सुरुवातीला ते अमेरिकेत जॉर्जिया राज्यातल्या थॉमसव्हिलला पोचले. तिथे एक जर्मन सरदार मित्र आधीच जाऊन बसला होता, आदर्श वसाहत वगैरे काढायचं डोक्यात होतं. वसाहत बारगळली, मुलं मात्र झाली, आधी आर्थर आणि पाठोपाठ १८७२ मध्ये लॉर्न. १८७३ मध्ये त्यांनी टेक्सासमध्ये हेम्पस्टेडजवळ लिएंडो नावाचं मोठं फार्म घेतलं, जवळजवळ अकराशे एकर. असं सांगतात की, घराच्या सज्ज्यात उभं राहून, समोरची जमीन बघून तिने हात पसरले आणि जाहीर केलं, इथेच जगेन आणि इथेच मरेन.

त्याच वर्षी घटसर्पाने आर्थर गेला. अजून धड बोलतही नसेल. रोग पसरू नये म्हणून म्हणा किंवा परक्या मातीत त्याला ठेवायचं नव्हतं म्हणून म्हणा, पण आईबापांनी त्याचं दहन केलं. आपल्याला त्यात काही वाटणार नाही. पण तेव्हाच्या टेक्सासमध्ये, जिथे पुरण्याखेरीज दुसरं काही माहीत नव्हतं, तिथे हे ऐकून लोक थरारले. घरातल्या फायरप्लेसमध्ये दहन केलं, आईने स्वतःच्या हाताने केलं, अशा कहाण्या पिढ्यान्‌पिढ्या त्या भागात सांगितल्या गेल्या. आधीच ते दोघं ‘तसे’ राहतात, त्यात बाई मांड टाकून घोड्यावर बसते, घोट्यापर्यंत झगा घालत नाही, आणि आता हे. त्यानंतर शेजाऱ्यांशी तिचं कधी जमलंच नाही.

लिएंडोबद्दल एक गोष्ट राहून जाता कामा नये. हे फार्म गुलामांच्या श्रमावर उभं राहिलेलं होतं. यादवी युद्ध संपून जेमतेम आठ वर्षं झाली होती, आणि आता त्याच मातीत तेच लोक आणि त्यांची मुलं मजूर म्हणून राबत होती. स्वातंत्र्याबद्दल एवढं बोलणारी बाई त्या घराच्या सज्ज्यातून हे बघत होती. यावर तिला काय वाटत होतं, याचा उल्लेख तिच्याबद्दलच्या रोमँटिक गोष्टींमध्ये फारसा येत नाही.

मग ती वीस वर्षं. कापूस. दुधाचा धंदा. कर्ज. एडमंड मायक्रोस्कोपला डोळा लावून पेशींमधलं जीवन म्हणजे काय यावर निबंध लिहितोय, आणि मिस नाय घोड्यावरून फार्म बघतेय. ना तिला शेती येत होती ना त्याला. शिल्पं नाहीतच म्हटलं तरी चालेल, किरकोळ एखाददुसरा बस्ट. पण तिने ठरवलं होतं की, आता आपलं शिल्प म्हणजे लॉर्न. माणूस घडवायचा! शाळेत न पाठवता घरी शिकवायचं. कपडे आपल्या कल्पनेचे, ग्रीक पुतळ्याला शोभतील असे. गावातल्या पोरांशी खेळायचं नाही.

तुम्ही एखाद्या लहान मुलाला ओळखत असाल तर पुढे काय झालं ते सांगायला नको. गावातली पोरं त्याला त्या कपड्यांवरून चिडवायची. मोठा झाल्यावर त्याने आईला नको असलेलं जे जे असेल ते सगळं केलं, तिला पसंत नसलेलं लग्नही. आईने बोलणं टाकलं. माती जशी दाबू तशी दबते, आणि बिघडली तर पाणी मारून परत करता येते. तीस वर्षांत तिला सवयच ती लागली असणार. मला लॉर्नची दया येते. ज्या बाईने स्वतः जेवण सोडून आईबापांकडून हवं ते मिळवलं, तिच्याच घरात मुलाच्या ‘नाय’ला जागा नव्हती.

या काळात एकदा संधी येऊन गेली होती. टेक्सासच्या गव्हर्नर रॉबर्ट्सनी तिला ऑस्टिनला बोलावलं होतं, नव्या विधानभवनाचं चाललं होतं म्हणून. हातात फारसं काही पडलं नाही. दुसरी संधी आली ती शिकागोमुळे. १८९३ मध्ये शिकागोत जागतिक प्रदर्शन भरणार होतं (हो, तेच, ज्याच्या जोडीने भरलेल्या धर्मपरिषदेत स्वामी विवेकानंद बोलले). टेक्सासच्या बायकांची एक समिती राज्याच्या दालनासाठी निधी जमवत होती. त्यांना टेक्सासचे दोन महापुरुष हवे होते, सॅम ह्यूस्टन आणि स्टीफन ऑस्टिन. त्यांनी लिएंडोच्या विक्षिप्त बाईला विचारलं. ती हो म्हणाली, आणि वर म्हणाली, माझ्या कामाचे पैसे नकोत, सामानाचा खर्च द्या.

फ्रीलान्सर म्हणून हे वाक्य लिहिताना माझा हात थरथरतो. फुकट काम! ‘एक्स्पोजर मिळेल’वालं काम! पण ती काही भोळी नव्हती. वीस वर्षं बाजारात नसलेल्या माणसाकडे भाव करायची ताकद नसते, हे तिला नेमकं माहीत होतं. एकदा पुतळे उभे राहिले की पुढचं बघू, असा तिचा हिशेब असणार.

१८९२ मध्ये ऑस्टिन शहराबाहेर, हाइड पार्क नावाच्या तेव्हा ओसाड असलेल्या भागात तिने जागा घेऊन स्टुडिओ बांधला. चुनखडीच्या दगडाचा, छोट्या ग्रीक देवळासारखा. नाव ठेवलं ‘फॉर्मोसा’, म्हणजे सुंदर. वय ५९. घरात सोयी म्हणाल तर नावाला. ती उघड्यावर झोपायची आणि आलेल्या बड्या पाहुण्यांपुढे साधं दही-ताक-पाव ठेवायची, अशा गोष्टी सांगतात. मला तर त्यात नावं ठेवण्यासारखं काही दिसत नाही.

ह्यूस्टनचा पुतळा शिकागोला वेळेत पोचला. ऑस्टिनचा नाही पोचला. डेडलाइन हुकली! (तिच्याबद्दल मला वाटणारी आपुलकी इथे एकदम वाढली.) दोघांनाही तिने सूटबूट घातला नाही. ह्यूस्टन चामड्याच्या कपड्यांत, खांद्यावर ब्लँकेट आणि हाताशी तलवार. ऑस्टिनच्या हातात नकाशा. पण लोकांनी नेमकं काय बघावं? उंची. ह्यूस्टन धिप्पाड, आणि ऑस्टिन त्याच्यापुढे बुटका. राज्य वसवणारा माणूस असा छोटा कसा दाखवलात? यावर तिचं उत्तर टेक्सासमध्ये अजून सांगतात. ती म्हणाली, दोघांना बनवलं देवाने, मी फक्त पुतळे बनवले. तक्रार असेल तर देवाकडे करा.

क्लायंट फीडबॅकला याहून चांगलं उत्तर मी ऐकलेलं नाही.

पण ते दोन्ही पुतळे होते प्लास्टरचे. संगमरवराचे पैसे कोण देणार? दहा वर्षं ती आणि टेक्सासच्या महिला संघटना सरकारच्या मागे लागल्या होत्या. अखेर विधिमंडळाने पैसे मंजूर केले आणि १९०३ मध्ये दोन्ही संगमरवरी पुतळे ऑस्टिनच्या विधानभवनात उभे राहिले. १९०५ पासून त्यांच्या जोड्या वॉशिंग्टनला अमेरिकेच्या कॅपिटॉलमध्ये आहेत. विधानभवनात जायला मतदार असावं लागतं असं कुठाय? तिच्या हयातीत टेक्सासमध्ये बायकांना मत नव्हतं, पण तिने घडवलेली माणसं दारात उभी होती.

सरकारने तिच्याकडून आणखी एक काम करून घेतलं, जनरल अल्बर्ट सिडनी जॉन्स्टनचं समाधिशिल्प. मरून पडलेला सेनापती, अंगावर पांघरलेल्या झेंड्याच्या चुण्या अशा की हाताने सारख्या कराव्यात. काम अप्रतिम. माणूस मात्र गुलामगिरीच्या बाजूने लढलेल्या दक्षिणेचा. अमेरिकेत गेल्या काही वर्षांत अशा स्मारकांवरून रण माजलंय, आणि त्या चुण्यांचं कौतुक करताना हेही डोळ्यांआड करता येत नाही. मोठ्या माणसांना भेटायचं एवढंच ध्येय ठेवलं की मोठं कशाने झालंय हा प्रश्न मागे पडतो, असं मला तिच्या बाबतीत राहून राहून वाटतं.

आता शेवटचं मोठं काम. याला गिऱ्हाईक नव्हतं. ‘लेडी मॅक्बेथ’, १९०५ची. झोपेत चालणारी, हातावरचा न दिसणारा डाग चोळणारी. मान एकीकडे, खांदे दुसरीकडे, सगळं अंग पिळवटलेलं. आयुष्यभर तिने माणसं जगाला जशी दिसतात तशी केली, शांत, करारी, कपाळावर विचारांची रेघ. आणि इथे एकदम हे. तिला ओळखणारे म्हणायचे, ही तिची स्वतःची व्यथा आहे, लॉर्नची. मी कलासमीक्षक नाही. पण ते शिल्प तुम्ही फोटोत जरी पाहिलंत तरी नजर चेहऱ्यावर राहत नाही, हातांवर जाते. एकात एक अडकलेले हात. मातीत राबून राबून बायकी राहिले नसतील असे हात तिने रोज स्वतःच्या मनगटापुढे पाहिले होते. ते संगमरवरी शिल्प आज वॉशिंग्टनला स्मिथसोनियनच्या कलासंग्रहात आहे.

२९ जून १९०७ला ती ऑस्टिनमध्ये गेली, ७४व्या वर्षी. ठरल्याप्रमाणे तिला लिएंडोला पुरलं. एडमंड त्यानंतर चार वर्षं जगला. ज्याला तरुणपणी क्षयाने मरणार असं धरून चालले होते, तो पंचाहत्तरी ओलांडून गेला. त्याला तिच्या शेजारीच जागा मिळाली. ती गेल्यावर तिच्या एका मैत्रिणीने, एला डिब्रेलने, फॉर्मोसा विकत घेतलं आणि जसंच्या तसं जपलं. तिथेच १९११ मध्ये टेक्सास फाइन आर्ट्स असोसिएशन सुरू झाली. पुढे ती वास्तू शहराकडे गेली, आणि आज ते एलिझाबेट नाय म्युझियम आहे.

ती प्लास्टर आठवतात? युरोपातली आपली जुनी प्लास्टर तिने नंतर समुद्र ओलांडून ऑस्टिनला आणवली होती. म्हणजे पोर्टफोलिओ घरी आला. त्यामुळे एका छोट्या दगडी इमारतीत शोपेनहावर, बिस्मार्क, गॅरिबाल्डी, तो हळवा राजा, टेक्सासचे दोन असमान उंचीचे हिरो आणि लेडी मॅक्बेथ असे सगळे एकत्र उभे आहेत. संगमरवरापेक्षा मला हेच भारी वाटतं, कारण प्लास्टर थेट तिच्या मातीवरून उतरलेलं असतं, मध्ये कोणी कारागीर नसतो.

ऑस्टिनला हल्ली कोण नसतं? आयटीवाल्यांची अर्धी बॅच तिकडे आहे. कोणाचा भाऊ, कोणाची एक्स-रूममेट. त्यांना वीकएंडला मॉल सोडून हाइड पार्कला जा म्हणावं. शोपेनहावरच्या समोर दोन मिनिटं उभं राहा आणि ओठांचे कोपरे बघा. तो हसतोय असं मला फोटोत वाटलं, माझी एक मैत्रीण म्हणते, अजिबात नाही, ते बघणाऱ्यावर आहे. प्रत्यक्ष पाहून कोणी तरी निकाल लावा आणि मला कळवा.